तिसरा म्हणतो, जाड तेल टाक

प्रश्न : मी कराड-पाटण रस्त्यावर वडाप चालवतो. जीप जुनी, विलीज घाटाची आहे. दोन महिन्यांपासून पन्नासच्या पुढे गेलं की मागून ‘हूऽऽ’ असा आवाज येतो आणि गिअर बदलताना मागे ‘टण्’ वाजतं. एक मेकॅनिक म्हणतो, क्राऊन-पिनियनचा अख्खा सेट बदल. दुसरा म्हणतो, नुसता पिनियन टाकू, निम्म्यात काम होईल. तिसरा म्हणतो, काही करू नको, जाड तेल टाक. कोणाचं ऐकू?

उत्तर : पत्रावरून असं दिसतं की तिघांपैकी एकही अजून गाडीखाली गेलेला नाही. आधी त्यांना खाली पाठवा, मग कोणाचं ऐकायचं ते ठरवा. खर्चाचा आकडा ऐकण्याआधी थोडं काम तुम्हाला स्वतःलाही करता येईल.

तुम्ही दोन आवाज सांगितले आहेत, आणि ते एकाच आजाराचे असतील असं धरून चालू नका. पहिल्यांदा ‘हूऽऽ’. मोकळ्या रस्त्यावर पन्नास-पंचावन्नचा वेग धरा. ॲक्सिलरेटर दाबा, मग पाय पूर्ण काढा, मग वेग ना वाढेल ना कमी होईल इतपतच पाय ठेवा. या तीन अवस्थांत आवाज बदलत असेल, म्हणजे ओढताना येतो नि सोडल्यावर थांबतो किंवा त्याच्या उलट, तर संशय क्राऊन-पिनियनवर, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर आणि तो फिरवतो त्या मोठ्या दातेरी चक्रावर जातो. कारण ओढताना दात्याची एक बाजू कामाला लागते आणि गाडी सोडल्यावर दुसरी. तिन्ही अवस्थांत सारखीच घरघर असेल तर बेअरिंग पाहायला हवं. गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवल्यावर आवाज कमी-जास्त झाला तर ते चाकाचं बेअरिंग. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर चढताच सूर बदलला तर तो टायरचा आवाज. अशा टायरपायी हौसिंग, म्हणजे मागच्या ॲक्सलचं कवच, खोललेलं मी पाहिलं आहे. आवाज फक्त वळणावर येत असेल तर क्राऊनला सोडा, आतले छोटे गिअर पाहा.

हे छोटे गिअर कशाला लागतात ते थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या ‘टण्’चं मूळ बहुधा तिथेच आहे. बैलांची मळणी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे चटकन कळेल. मधल्या खांबाजवळचा, म्हणजे तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी फिरल्यासारखा चालतो आणि पातीच्या बाहेरच्या टोकाचा बैल त्याच वेळात कितीतरी जास्त चालतो. म्हणून म्हातारा बैल तिवड्यापाशी बांधायचा आणि तरणा बाहेर. गाडीच्या मागच्या दोन चाकांचंही वळणावर हेच होतं. दोन चाकांत १.३ मीटर अंतर धरलं तर एका पूर्ण फेऱ्यात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ८.२ मीटर जास्त चालतं. गंमत अशी की फेरा लहान घ्या की मोठा, हा फरक तेवढाच राहतो. बैलगाडीत प्रत्येक चाक कण्यावर आपापलं मोकळं फिरतं, म्हणून तिला काही अडचण नाही. इंजिनाने दोन्ही चाकं फिरवायची म्हटली की मात्र त्यांना जोर द्यायचा आणि मोकळीकही द्यायची. ती तडजोड म्हणजे डिफरन्शियल.

क्राऊनला बोल्टने एक पेटी जोडलेली असते. पेटीत आडव्या क्रॉसवर स्टार पिनियन बसतात आणि त्यांच्या दोन अंगांना दोन सन गिअर, एकेका हाफ शाफ्टचे. गाडी सरळ जाते तेव्हा स्टार स्वतःभोवती फिरत नाहीत. तराजूच्या दांडीसारखे मधे राहून दोन्ही पारड्यांना सारखा जोर देतात. वळणावर मात्र ते फिरतात आणि एका चाकाची गती काढून दुसऱ्याला देतात.

ही युक्ती जुनी आहे. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर नावाच्या घड्याळजीने १८२०च्या दशकातच वाफेच्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं. पुढे १८७७च्या सुमारास इंग्लंडातल्या कव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने ती पुन्हा शोधली, तीही सायकलवर. तो आणि त्याचा मुलगा शेजारी-शेजारी बसून चालवायच्या सायकलवर निघाले होते. तरण्या मुलाने आपल्या बाजूचं पेडल जोरात मारलं आणि बापाला खाजऱ्या झुडपांत पाडलं, तेव्हा स्टार्लीला हे सुचलं, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी कोण जाणे, पण गोष्ट बसते चपखल.

आता तुमचा ‘टण्’. स्टार आणि सन गिअरच्या पाठीमागे पातळ वायसर असतात. ते झिजले, क्रॉसला खड्डे पडले, हाफ शाफ्टच्या खाचा ढिल्या झाल्या की सगळी ढिलाई एकत्र होऊन वाजते. तुमच्या जीपला मूळचा सेट असेल तर क्राऊनला ४३ दाते आणि पिनियनला ८, म्हणजे गुणोत्तर ५.३७५. त्यामुळे चाकाकडची एक अंशाची ढिलाई पुढे प्रोपेलर शाफ्टवर पाच अंशांहून जास्त दिसते. चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलला घ्या, खाली जा आणि शाफ्ट हाताने इकडे-तिकडे फिरवून पाहा. बराच फिरला तर घाबरून क्राऊनवर ठपका ठेवू नका. आधी शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांतले क्रॉस तपासा. कैक ‘डिफरन्शियल गेलं’ म्हणून आलेल्या गाड्या एका क्रॉसवर बऱ्या होऊन गेल्या आहेत.

दुसरी तपासणी तेलाची. आधी भरायचा नट सोडवा, मग खालचा. उलट केलंत आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला, तर तेल जमिनीवर नि गाडी जागेवर. तेल स्वच्छ ट्रेमध्ये घ्या, बोटांत चोळा, उन्हात धरा. तळाला किंवा लोहचुंबकाला करडा, गंधासारखा लेप असेल तर ती वयाची झीज, चिंता नको. चमकणारे चपटे पापुद्रे निघाले तर दात्यांची किंवा बेअरिंगची कातडी सुटायला लागली आहे. टोकदार तुकडा निघाला तर आजची फेरी रद्द करा. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे, आणि पाटणच्या बाजूला पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्याला त्यात नवल वाटू नये. तापलेलं हौसिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून पाणी ओढून घेते. हौसिंगवरचा तो बोटभर ब्रीदर चिखलाने बुजला की उलटं घडतं : तापलेली हवा बाहेर पडायला वाट न मिळाल्याने तेलालाच सीलमधून ढकलते, ते ब्रेकच्या लायनरवर जातं आणि लोक सील बदलत बसतात.

आता तिघांचे सल्ले. दुसऱ्याचा आधी निकालात काढतो. नुसता पिनियन कधीही टाकू नका. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीनेच जन्मतात. यंत्रावर दोघांना एकमेकांत फिरवून, मधे घासायची पेस्ट घालून, एकमेकांपुरतेच गुळगुळीत करतात आणि दोघांवर एकच जोडनंबर कोरतात. ४३ आणि ८ हे आकडेही उगाच नाहीत. दोघांना समान भाग जात नाही, म्हणून पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि तीच जोडी पुन्हा भेटायला पिनियनचे ४३ फेरे लागतात. झीज सगळ्यांवर सारखी वाटली जाते. ४० आणि ८ असते तर पिनियनचा एकेक दाता जन्मभर त्याच पाच दात्यांशी संसार करत बसला असता. अशा जुळलेल्या कुटुंबात परका पिनियन घातला की तो जुन्या दात्यांच्या झिजलेल्या वळणात बसत नाही. टेकतो कुठेतरी कडेला, आणि सगळा भार त्या कडेवर येतो.

हे पुस्तकातलं सांगत नाही. एकदा सीझनच्या घाईत, सेट मिळत नव्हता म्हणून, मी स्वतः एका गाडीला नुसता पिनियन टाकला. चूक पूर्ण माझी. पहिल्या दिवसापासून गाडी रडत होती, मालकाला म्हटलं, बसेल हळूहळू. दोन महिन्यांत क्राऊनचे तीन दाते ट्रेमध्ये मिळाले आणि नवा पिनियनही त्यांच्यासोबत भंगारात गेला.

झिजलेल्या दात्यावर वेल्डिंग भरून घासून देतो म्हणणाराही कोणी भेटेल. कुऱ्हाडीच्या धारेला लोहार पाणी देतो, तसं या दात्यांना कारखान्यात पाणी दिलेलं असतं : वरचा मिलिमीटरभर थर काचेसारखा कडक आणि आतला गाभा चिवट. वेल्डिंगच्या आचेने ते पाणी उतरतं. घासून आकार येईल, कडकपणा येणार नाही.

तिसऱ्याचं जाड तेल. १४० नंबरचं तेल घातलं की आवाज दबतो हे खरं, जसा ताप गोळीने दबतो. जुनी गाडी विकताना हौसिंगमध्ये लाकडाचा भुसा नाहीतर केळीची सालं घालायची हिकमत याच कुळातली. गाडी शांत होते, घेणारा खूश होतो, आणि पंधरा दिवसांनी भुश्याची पेंड होऊन बेअरिंगांना तेल मिळेनासं होतं. सेकंडहँड गाडी घेताना हौसिंग जरुरीपेक्षा गप्प वाटलं तर तेल काढून पाहायचा हट्ट जरूर धरा. तेलाचा नंबर गाडीच्या पुस्तकात दिला असेल तोच घाला, आणि डब्यावर ‘जीएल-५’ लिहिलेलं आहे ना, ते बघा. तुमच्या पिनियनची बैठक क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली असते. याला हायपॉइड म्हणतात; १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने मोटारींत ही पद्धत आणली, शाफ्ट खाली गेला नि गाडीची फरशीही खाली बसवता आली. किंमत एवढीच, की या बैठकीत दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घासतही जातात. साधं तेल त्या दाबाखाली पुसलं जातं. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसाची रसायनं धातूवर पातळ थर धरून ठेवतात. मात्र तेच तेल उरलं म्हणून जुन्या गिअरबॉक्समध्ये ओतू नका, तिथल्या पितळी कड्यांना ते मानवत नाही.

राहिला पहिला, अख्खा सेट सांगणारा. तो बरोबर असू शकतो, पण ते हौसिंग उघडल्यावरच कळेल. दाते चांगले असतील, फक्त बेअरिंग गेलं असेल, तर तेवढंच बदला आणि शिम, म्हणजे जागा जुळवायच्या पातळ चकत्या, जशा होत्या तशाच ठेवा. झिजलेल्या जोडीचा खेळ ‘जरा टाइट करून देतो’ म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. ती जोडी जिथे एकमेकांत मुरली आहे तिथून सरकवली की ओरडायला लागते. स्टार, सन गिअर, त्यांचे वायसर आणि क्रॉस हा वेगळा संच आहे, तो क्राऊनला धक्का न लावता बदलता येतो. दात्यांना खड्डे पडले असतील, पापुद्रा सुटला असेल, कड तुटली असेल, तर मात्र सेट, आणि सेटबरोबर सगळी बेअरिंगं, पिनियनचं सील आणि क्राऊनचे बोल्ट नवे. इथे पैसे वाचवणारा दुसऱ्यांदा मजुरी देतो.

आणि खरी किंमत सेटची नाही, बसवणाऱ्याच्या हाताची आहे. मी शिकाऊ होतो तेव्हा आमचे मिस्त्री शेंदराची डबी जवळ ठेवत. मारुतीचा असतो तोच शेंदूर. इंजिन ऑइलच्या चार थेंबांत बोटाने कालवून चटणीसारखा करायचे आणि क्राऊनच्या पाच-सहा दात्यांना दोन्ही अंगांनी माखायचे. मी लाकडाच्या ठोकळ्याने क्राऊन अडवून धरायचा, ते पिनियन फिरवायचे. ठोकळा काढला की शेंदूर पुसला जाऊन प्रत्येक दात्यावर एक उजळ ठसा उठलेला दिसायचा. तो दात्याच्या मधोमध, बदामाच्या आकाराचा हवा. मुळाशी गेला तर पिनियन जास्त आत, शेंड्याला गेला तर जास्त बाहेर. ‘पोटात पाहिजे, कडेला नको,’ एवढंच बोलायचे आणि सगळं परत खोलायला लावायचे. एक शिम काढ, पातळ शिम घाल, बेअरिंग दाब, घट्ट कर, पुन्हा शेंदूर. एका जीपला पाच वेळा खोललं, संध्याकाळ झाली, सहाव्यांदा ठसा पोटात आला. मग डायल गेज लावून दात्यांतला खेळ मोजला. तो साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटर असावा लागतो, म्हणजे दोन-तीन केसांइतका. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तकात मिळेल. काम झाल्यावर हात साबणाने दोनदा धुवायला लावायचे, कारण शेंदूर म्हणजे शिसं, पोटात गेलं तर विष. आता निळी पेस्ट मिळते, ठसा तोच.

म्हणून मेकॅनिक निवडताना दर विचारू नका, डायल गेज आहे का आणि ठसा कशाने बघतोस, हे विचारा. ‘अंदाज आहे माझा’ असं उत्तर आलं तर पुढचं गॅरेज बघा. तसा माणूस जवळपास मिळत नसेल तर माझा सल्ला जरा उलटा आहे : नव्या सेटपेक्षा भंगारबाजारातून चांगल्या चालत्या गाडीचं, कोणी न खोललेलं अख्खं हौसिंग आणा. गुणोत्तर मात्र तेच हवं. जीप चारही चाकांना जोर देणारी असेल तर पुढचं नि मागचं गुणोत्तर वेगळं पडून दोन्ही एकमेकांशी भांडतील.

नवा सेट बसला तर पहिली फेरी रिकामी मारा. पंधरा-वीस मिनिटं सावकाश चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा चालवा. ८०० किलोमीटरपर्यंत टपावर ओझं नको, ओढाओढ नको, आणि मग ते तेल काढून नवं भरा. वडापवाल्याला रिकामी गाडी पळवायला सांगणं म्हणजे काय, याची मला कल्पना आहे. तरीही.

प्रश्न : ऊस भरलेली ट्रॉली फडात रुतली की ट्रॅक्टरचं एकच चाक गरगर फिरतं, दुसरं ढिम्म. डिफरन्शियल लॉक दाबला की निघतो. मग तो कायमच दाबून ठेवला तर? (बारामती तालुका)

उत्तर : मोडेल. वर तराजूची दांडी सांगितली, तिचा हा तोटा. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं आणि चिखलातल्या चाकाला जोर लागतच नाही, म्हणून कोरड्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य मिळतो. लॉक दोघांना एक करतो. सरळ रेषेत, मऊ जमिनीवर, चाक गरगरायला लागण्याआधी तो दाबा आणि वळायच्या आधी सोडा. लॉक लावून कडक रस्त्यावर वळलात तर एक चाक घसरलं पाहिजे नाहीतर आत काहीतरी तुटलं पाहिजे. ट्रॉलीच्या वजनाखाली चाक घसरत नाही. चाक जोरात गरगरत असताना लॉक मारणं त्याहून वाईट.

लॉकआधी एक सोपी गोष्ट करून बघा. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. गरगरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलका दाबला की त्याला जोर लागायला लागतो, आणि तेवढाच जोर दुसऱ्या चाकाला मिळतो. रस्त्यावर चढल्यावर मात्र दोन्ही पेडलांची कडी अडकवायला विसरू नका.

आणि एक चाक गरगरवत ठेवायची सवय सोडा, कारण अडकलेल्या वेळी फिरणारं चाक नेहमीच्या दुप्पट वेगाने फिरतं आणि ते सगळं फिरणं स्टार पिनियनच्या क्रॉसवर होतं. सरळ चालताना जे जवळपास फिरतच नाहीत, त्यांना तुम्ही पाच मिनिटांत महिन्याची मजुरी करायला लावता.

प्रश्न : माझी छोटी कार पुढच्या चाकांवर चालते. तिला डिफरन्शियल असतं का? वळताना पुढून कट्कट् वाजतं. (म्हापसा)

उत्तर : असतं, गिअरबॉक्सच्याच पोटात, त्याच तेलात. इंजिन आडवं असल्याने तिथे हायपॉइडची गरज पडत नाही, साधे तिरप्या दात्यांचे गिअर चालतात, म्हणून ते क्वचितच कुरकुरतं. रिक्षालाही असतं, आणि एका मोटरवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक कारलाही. तुमची कट्कट् मात्र डिफरन्शियलची वाटत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळूहळू गोल फिरवा. तेव्हाच जोरात वाजलं तर चाकाकडचा सीव्ही जॉइंट गेला आहे. त्याच्यावरचं रबरी बूट फाटलेलं आणि आतलं ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसेल. बूट नुकतंच फाटलं असेल नि आवाज सुरू झाला नसेल, तर नवं बूट आणि नवं ग्रीस एवढ्यावर भागतं. वाजायला लागल्यावर जॉइंटच बदलावा लागतो.